कुंपणातली कळलावी

श्रावण सरत आला की आम्ही दोघं जळगाव जामोदची बस धरतो. तिथून पुढं सातपुड्याच्या पायथ्याशी फुलं शोधायची, मी चित्र काढायचं आणि ह्यांनी माझ्यावर छत्री धरायची. मी वनस्पतींच्या पुस्तकांसाठी फुलं रंगवते. पाकळी, केसर, देठ, सगळं मापात. हे एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यापासून सोबत येतात.

दोन वर्षांपूर्वी मला कळलावी हवी होती. लालभडक फूल, पाकळ्या मागं वळलेल्या. एका शेताच्या कुंपणाला या बाजूनं हे गेले, दुसऱ्या बाजूनं मी. थोड्या वेळानं परत येऊन म्हणाले, "तिकडं काईच नाई."

मी सहज जाऊन पाहिलं, तर बोराटीच्या झुडपात सात-आठ फुलं!

मी चिडले. "अहो, समोर तं आहे! लक्ष कुठं होतं तुमचं?"

ह्यांनी झुडपाजवळ जाऊन पाहिलं. मग म्हणाले, "मले हिरव्यात लाल येगळा दिसत नाई. लहानपणापासूनच. डायवरच्या भरतीत डोळ्यापायीच नापास झालो."

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. गाडी चालवायचा कंटाळा म्हणून कंडक्टर झालो, असंच हे सांगत आले होते.

"मंग माह्या चित्राले मस्त-मस्त काऊन म्हणत होते?"

"खोटं नाई म्हटलं. मी रंग नाई, तुही रेघ पाह्यतो."

"आतापर्यंत सांगितलं काऊन नाई?"

"तू रंगात राहणारी बाई. तुले वाईट वाटलं असतं."

मी तिथंच बांधावर बसले आणि कागद काढला. फूल झालं, पानं झाली. छत्री धरून उभे असलेले हे एकदम वाकले. "हे पान पाह्य. शेंड्यानं बोराटीले धरून राह्यलं."

खरंच. पानाचं टोक गोल वळून काटेरी फांदीला घट्ट बिलगलं होतं. माझ्या कागदावर सगळी पानं सरळ टोकाची. मी खोडली, पुन्हा काढली.

पुस्तक करणाऱ्या प्राध्यापकबाईंनी आधी तेच टोक पाहिलं. "हे बरं टिपलंत!"

"ह्यांनी दाखवलं," मी म्हणाले. हे शेजारीच होते. लाजून खिडकीबाहेर बघायला लागले.

आता पेन्सिलीचं काम झालं की कागद आधी ह्यांच्याकडे जातो. उजेडात धरून बराच वेळ पाहतात, आणि मी ब्रश ओला न करता थांबते.

"हाव," म्हणतात, "आता भर रंग."