शेजारचा चॅनल

गेल्या सोमवारी, दोन हजारांत ठरवून, मानकोलीच्या माझ्या गोडाऊनमध्ये वाय-फायवाला आला. हजर आम्ही दोघेच. माल नोंदवायचे वाय-फायवरचे स्कॅनर सारखे अडकतात म्हणून माझा भाडेकरू जागा सोडणार होता. वाय-फायवाला प्रत्येक उत्तराआधी मोबाईल शर्टाला पुसायचा.

"काका, पाच गिगाहर्ट्झ कापडाच्या गठ्ठ्यांत अडतो. दोन पॉइंट चारच लावावा लागेल. पण शेजारचं वाय-फाय तुमच्याच चॅनलवर हाय, दोन्ही सिग्नल भिडतात. कामाचे चॅनल तीनच, त्यांच्याशी बोलून वाटून घ्या."

"तो माझा चुलतभाऊ. बांधावरून आमचं बोलणं बंद आहे."

त्याने मोबाईल पुसला. "सिग्नलला बांध दिसत न्हाय, काका." आणि शिडी उचलून निघाला.

मग मीच शेजारी गेलो. चुलतभावाचेही स्कॅनर अडकत होते. त्याला वाटे, मी मुद्दाम करतो.

वाय-फायवाल्याला परत बोलावलं, त्याने दोघांना वेगळे चॅनल दिले. हजार मी दिले, हजार चुलतभावाने.