सुरमईच्या पोटातला बाप्पाचा हार

आधीच सांगतो, मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. मापल्याशिवाय कशावरही सही करत नाही. भुताखेतांचं माप घेता येत नाही, म्हणून त्यांच्या वाटेला कधी गेलो नाही. 'अनुभव' सांगणाऱ्या मित्रांची मी यथेच्छ टिंगल केली आहे. त्यांनी आता हसून घ्यावं... पाळी माझी आहे.

आम्ही उत्तरेश्वर पेठेत राहतो, पंचगंगेच्या जवळच. आई दरवर्षी उन्हाळ्यापासूनच गणपतीसाठी हार करायला बसते. दुधाच्या पिशव्या धुवायच्या, कातरायच्या आणि त्यांची फुलं ओवायची. अख्खी गल्ली तिच्याकडून हार नेते. आरतीला कुणाच्याही घरी गेली तरी आई आधी हाराकडे बघते, मग देवाकडे. गेल्या वर्षी आमच्या हाराला पदक म्हणून तिने माझ्या लहानपणीच्या रेनकोटाचं बटण लावलं होतं — पिवळं, बदकाच्या आकाराचं. त्याची चोच मी पहिलीत असताना चावून सपाट केली होती आणि डोळ्याच्या जागी कर्कटकाने भोक पाडलं होतं.

विसर्जनाला घाटावर मी म्हटलं, "आई, हार काढून निर्माल्यात टाक."

"कोमेजतच न्हाय ते निर्माल्य कसलं?" आई म्हणाली. "बाप्पा घालूनच जाऊ दे की गावाला!"

गेला. हार सुटून वर आला आणि बदक तरंगत तरंगत पुढे गेलं. मी स्वतः पाहिलं.

यंदाच्या मे महिन्यातला एक रविवार. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून मी मालवणची सुरमई आणली. अख्खीच, कारण मासा घरच्या विळीवर कापायचा हा आईचा दंडक. भरदुपार, वर पंखा चालू, बाबा शेजारी उभे राहून तुकडे किती जाड हवेत ते सांगतायत — अमानवीय म्हणावं असं काही नाही.

"लईच वाळल्यालं हाय रं हे," आई म्हणाली. "डोस्कं मोठं आन् अंगाला काय न्हाय."

तिने पोट चिरलं. आत हिरवट प्लास्टिकचा बोळा! आईने तो नळाखाली धरून उलगडला... दुधाच्या पिशवीची फुलं. आणि मधोमध बदक.

मी बटण धुऊन दातांत धरून बघितलं. पण पहिलीतले दात आता कुठून आणू? तरी चोच सपाट होती, डोळ्यात भोकही होतं. आईने आपली गाठ ओळखली.

बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांना माशापेक्षा आपल्या विषयाची काळजी जास्त. तळणीसाठी काढलेला रवा त्यांनी परातीत पसरला आणि त्यात बोटाने भारत काढला.

"पंचगंगा जाती कृष्णेत! कृष्णा जाती बंगालच्या उपसागरात, हिकडं! आन् मालवण हिकडं! ह्यो मासा काय कन्याकुमारीला वळसा मारून आला व्हय?"

"आला आसंल की," आई हळूच म्हणाली.

तेवढ्यात दारात शेजारच्या शोभाकाकू. "वैनी, औंदाच्या माझ्या हाराला गुलाबी फुलं घाला की!"

वर दोरीवर गल्लीचे निम्मे हार तयार लटकत होते. आईची अब्रू जायला नको म्हणून मी पटकन माशावर ताट झाकलं. आईने ते स्वतःच उचललं.

"बघ शोभा. पोट भरलंय वाटून ह्यानं काय खाल्लंच नसंल. माझ्या दारातनं पावणा कवा उपाशी गेल्याला न्हाय... आन् ह्येला मीच उपाशी मारला."

तिने तो बोळा काकूंपुढे धरला.

"तरी पन वैनी, एक हार तरी..."

"एकबी न्हाय."

त्या दिवशी आम्ही पिठलं-भाकरी जेवलो. दोरीवरचे हार दुसऱ्या दिवशी घंटागाडीत गेले, सुक्या कचऱ्यात. गणपतीला आईने गल्लीला दुर्वांचे हार दिले. ते दुसऱ्याच दिवशी सुकले, आणि शोभाकाकूंनी आरतीत आईशेजारी उभं राहायचंच सोडलं. आई त्या रात्री भात तसाच टाकून उठली.

त्या बटणाचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. फाउंड्रीतला एकजण म्हणतो, घारीने नेलं असेल. दुसरा म्हणतो, तुमच्याच गल्लीतलं कुणीतरी मालवणला फिरायला गेलं असेल. मी सगळ्यांना विचारलं, कुणी गेलेलं नाही. बाबा अजून ॲटलास उघडून बसतात आणि चिडून मिटतात. बटण माझ्या ड्रॉवरमध्ये आहे... काय म्हणून सही करू?

मागच्या रविवारी पुन्हा सुरमई आणली. आई चष्मा लावून विळीवर बसली. बाबा आणि मी श्वास रोखून उभे. पोट चिरलं, तर आत अर्धवट पचलेली एक छोटी तारली मासळी निघाली. आईने विळी बाजूला सारली आणि माशाला हात जोडले.

"जेवून आलता गं बाई," ती म्हणाली.

मग आम्ही जेवायला बसलो.