तिनं माझं नाव नातीजवळ घेतलं

त्या दुपारी मी आणि बायको ओट्यावर बियाण्याच्या शेंगा फोडत बसलो होतो. ती म्हणाली, "ऐकता का, सूप इकडं सरकवा." मी पायानं सरकवलं. "हात झडले का?" असं म्हणाली. एवढंच आमचं शेवटचं बोलणं. दिवेलागणीला उठली ती चुलीपाशीच खाली बसली. धुळ्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपली होती.

"ऐकता का" हेच माझं नाव. साऱ्या संसारात तिनं मला दुसरी हाक मारली नाही. उखाण्यात घेतलं असेल नाव, पण ते बायकांच्या घोळक्यात, यमक जुळवून. ते गावासाठी होतं. एरवी नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडच्या बाया मानतात. मलाही त्याचं कधी काही वाटलं नाही.

मुलगा सुरतेला कामाला. त्याची मुलगी जळगावला होस्टेलात राहून शिकते. तिला एक विषय आहे, जगातल्या संस्कृती आणि भाषा. मी चौथीत शाळा सोडली, मला त्यातलं काय कळणार. शनिवारी ती शिंदखेड्याच्या स्टेशनावर उतरायची आणि घरात शिरली की आजीला धरून बसायची. एकदा सांगत होती, आफ्रिकेत म्हणे अशी माणसं आहेत, की सून सासऱ्याच्या नावातली अक्षरंसुद्धा तोंडात येऊ देत नाही, त्यांच्याजागी दुसरेच शब्द वापरते. हे ऐकून बायको पोट धरून हसली. माझ्या कुठल्या बोलण्यावर ती तशी हसल्याचं मला आठवत नाही. मी दारात गेलो तर म्हणाली, "तुम्हले काय करनं शे? आमचं कॉलेज चालू शे."

"मलाही विचार की काही," मी नातीला म्हणालो.

"तुमचं नंतर, आबा. हे बायकांचं आहे."

ते नंतर कधी आलं नाही. दोघींचा चहा मात्र मी करायचो.

तेरावं झालं, मुलगा सुरतेला परतला. नात एक दिवस मागं राहिली. संध्याकाळी भांडी घासता घासता म्हणाली, "आबा, आजीनं माझ्या फोनमध्ये तुमचं नाव घेतलंय. प्रोजेक्टसाठी. वर्गात ऐकवलं तर सर एकदम खूश."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "वर्गात ऐकवलं?"

"हो. सगळ्यांनी ऐकलं."

"म्हणजे तुझ्या मास्तरानं ऐकलं, पोरापोरींनी ऐकलं. मीच तेवढा उरलो."

"म्हणून तर म्हणते, ऐकवू का?"

"नको. माझ्यासाठी घेतलेलं नाही ते. कॉलेजासाठी घेतलंय."

ती भांडं तसंच धरून थांबली. "माझ्यावर रागावलात की आजीवर?"

"तुझ्यावर. तिच्यावर आता काय रागावू?"

ते खोटं होतं. राग दोघींवर होता. जे माझं होतं ते तिनं परस्पर देऊन टाकलं आणि निघून गेली, भांडायची सोयही ठेवली नाही. नाव घेतलं म्हणून आयुष्य कमी व्हायचं तर माझं व्हायला हवं होतं. झालं तिचं. नातीनं केलेली खिचडी मी तशीच ताटात टाकून उठलो.

सकाळी तिची जळगावची गाडी होती. पिशवी भरून ती चप्पल शोधत होती.

"फोन दे," मी म्हणालो. "लाव ते, आणि बाहेर जा."

"बाहेर कशाला?"

"तू ऐकलंयस."

कुठं बोट ठेवायचं ते दाखवून ती ओट्यावर गेली. मी आतून कडी लावली. आधी नातीचीच लाडीगोडी, "घे ना गं आजी." मग बांगड्या वाजल्या. मग तिनं माझं नाव घेतलं. यमक नाही, काही नाही, नुसतं नाव. लगेच म्हणाली, "बास आता, भाकरी टाकायच्यात."

मी पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं.

"आबा, गाडी जाईल ना. फोन द्या."

"पुढच्या गाडीनं जा," मी आतून म्हटलं.