झिरोचं बटण

ही गोष्ट सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. आता ते गृहस्थ नाहीत, म्हणून लिहितो.

कोहक्यात ते माझे शेजारी होते, कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर. पडवीत त्यांनी हौसेनं धातू कोरायचं एक छोटं मिलिंग मशीन बसवलं होतं आणि ते तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरून चालवायचे. आधी कटर, म्हणजे धातू कापणारं पातं, एकदा हवेतच फिरवून बघायचे. मग कटर पितळेच्या तुकड्यापासून कागदाच्या जाडीवर आणून झिरो, म्हणजे मशीननं जिथून मोजायचं ती जागा, ठरवायचे आणि म्हणायचे, "झालं जी. आता याले कोणी हात नाही लावायचा."

एकदा त्यांच्या बायकोच्या शिलाई मशीनचा मोडका भाग घडवताना, झिरो ठरवून ते चहा आणायला आत गेले. मी गंमत म्हणून कॉम्प्युटरवरचा बाण दाबला. कटर जरासं बाजूला सरकलं. मी घाबरलो आणि कटर परत जागेवर येईल या आशेनं झिरोचं बटण दाबलं. कटर हललं नाही, पण आकडे शून्य झाले, तेव्हा मी निश्चिंत झालो.

त्यांनी काम सुरू केलं आणि कटर पितळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी पकडीवर आदळून तुटलं; माझ्या बटणानं ती सरकलेली जागाच झिरो ठरली होती. ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "माहाच झिरो चुकला, भाऊ. आता या हाताचा भरोसा नाही राह्यला."

मशीनवर जुनी चादर पडली, ती पुन्हा निघाली नाही.

महिनाभरानं मी त्यांचं दार वाजवलं.

"या जी. काय म्हणता?"

"काही नाही. पेपर वाचून झाला असेल तर द्या."

त्यांनी नीट घडी घालून दिला. बटण मी दाबलं होतं, मला माफ करा, एवढंच सांगायला गेलो होतो.