'एरर' नसलेली ओळ

इस्पितळाच्या कॉम्प्युटर खोलीतल्या बाईंना सगळे चाळणीबाई म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचंही. एक्स-रेच्या फोटोंची रोज दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायची, हे त्यांचं काम. पण प्रत काढणारा प्रोग्रॅम म्हणजे नुसती टकळी! फाइल उघडली, फाइल वाचली, फाइल मिटली. रोज सकाळी पडद्यावर चाळीस हजार ओळी. "शी! शिंकला तरी सांगेल मेला," बाई करवादायच्या. त्यांना त्या ओळींची खरोखर किळस यायची. शेवटी त्यांनी चाळणी लावली: ज्या ओळीत 'एरर' हा शब्द असेल तेवढीच दाखवायची, बाकी सगळं कचऱ्यात. पडदा कोरा झाला. बाई वर्षभर त्या कोऱ्या पडद्यासमोर निवांत चहा प्यायल्या.

मग एका मंगळवारी मूळ डिस्क बंद पडली. "घाबरता काय? प्रत आहे ना!" बाई ऐटीत म्हणाल्या. प्रत उघडली, तर शेवटचा फोटो चाळीस दिवसांपूर्वीचा.

त्यांनी चाळणी काढून प्रोग्रॅम चालवला. त्या सगळ्या बडबडीच्या तळाशी एक ओळ होती: 'डिस्कवर जागा उरलेली नाही.' झालं! त्यात 'एरर' कुठे होतं? चाळीस दिवस तो बिचारा प्रोग्रॅम कानीकपाळी ओरडत होता, आणि बाई रोज झाडून टाकत होत्या. स्वतःच्या हुशारीची त्यांना अशी शिसारी आली की चहाचा कप समोरून उचलून ठेवावा लागला.

तेवढ्यात वॉचमनकाका दारात आले. महिन्यापूर्वी त्यांच्या फुप्फुसावर डाग दिसला होता. आज नवा फोटो काढला होता. जुन्याशी ताडून पाहता डाग वाढलेला नसेल, तर आतला तुकडा कापून तपासायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"जुना फोटो मिळाला का हो, बाई?"

मशीन बिघडलं म्हटलं की लोक मुकाट मान डोलावतात. बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही मिळाला, काका. मशीन बिघडलंच, पण फोटोची प्रत असायला हवी होती. ती माझ्या चुकीने निघालीच नाही."

"म्हणजे आता कापणार?"

"हो."

काकांनी दाराची चौकट धरली.

"मग तुम्हीच चला डॉक्टरांकडे," ते म्हणाले. "मला एकट्याला भीती वाटते."