अर्धी टाकी

हिंगणघाटला माझ्या स्टेशनरीच्या दुकानाला लागूनच माझ्या मित्राचं इन्व्हर्टर-बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो जुन्या कॉम्प्युटरवर अंतराळयानाचा गेम खेळतो आणि मी शेजारी स्टुलावर बसून तो शिकतो.

"इंधनाची टाकी अर्धी झाली का वापस फिरजो," तो दर वेळी बजावतो. "पुढं काय हाय ते पाहावंसं वाटते. पन तिकडं कोनी पेट्रोलपंप टाकून नाई बसला."

गेममधलं इंधन भरायचं शेवटचं स्थानक सोडताना तो पडद्याकडे बघून "येतो" म्हणतो, घरातून निघताना आईला म्हणावं तसं. मग घामेजलेले तळहात पँटला पुसतो. यान काळोखात शिरलं की त्याचा आवाज उतरतो.

परवा तो "येतो" म्हणालाच नाही. टाकी अर्धी झाली, मग पाव झाली.

"भाऊ, फिरव ना वापस," मी म्हणालो.

तो एकेक तारा मागे टाकत राहिला. काटा शून्यावर आला आणि यान थांबलं. चहूकडे नुसतं काळं. त्याने हात पुसले नाहीत. ते कोरडेच होते.

कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून तो उठला. दुकानाची किल्ली त्याने माझ्या हातात दिली आणि पायात चप्पल सरकवली.

"जातो मी," तो म्हणाला.

आमच्याकडे निघताना असं कोणी म्हणत नाही. मी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"येतो म्हन," मी म्हणालो.

तो नुसता माझ्या हाताकडे पाहत राहिला.