दुसरा खंड

मी गावाहून निघाले त्या दिवशी आबा एसटीत माझ्याआधी चढले. खांद्यावरच्या टॉवेलने सीट पुसली, बॅग वर सारली आणि शेजारच्या बाईंना सांगितलं, "पोरगी मुंबईला चालली, नोकरीला." मग वाकून हळू आवाजात मला म्हणाले, "तिथं आपल्यावाणी बोलू नको, माय. लोकं हासतेत." तब्येत सांभाळ नाही, फोन कर नाही, एवढंच सांगितलं. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा ते उतरले आणि वळून न बघता ग्रंथालयाकडे गेले. उघडायची वेळ झाली होती.

आबा आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात शिपाई होते. हिंगोलीकडचं छोटं गाव. झाडलोट, शिक्के मारणं, पेपर लावणं आणि पाहुणे आले की दारात उभं राहणं, ही त्यांची कामं. सातवीपर्यंत शिकलेला हा माणूस दुपारी वाचक नसले की कपाटाला टेकून कादंबऱ्या वाचायचा. त्यातली एक परदेशी, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची, मराठीत दोन जाड खंडांत आलेली. एकेका माणसाला तीन-तीन नावं, पानभर लांब वाक्यं. पहिला खंड आबांनी दोनदा वाचला. दुसरा कुणीतरी नेला तो परत आलाच नाही. आमच्या घरी जेवताना त्या कादंबरीतली माणसं नातेवाइकांसारखी निघायची. "त्या थोरल्या बाईचं पुढं काय झालं आसंल," आबा म्हणायचे, आणि आई म्हणायची, "बरंच झालं आसंल. जेवा आता."

मी आबांचं ऐकलं. मुलुंडला पेइंग गेस्ट म्हणून राहिले, पवईच्या ऑफिसात लागले आणि वर्षभरात 'करायलीस', 'जायलीस' सगळं जिभेवरून उतरवलं. त्या जागी 'अगं ऐक ना', 'वाट लागली यार' बसलं. एकदा लंचला एक मैत्रीण म्हणाली, "तू मराठवाड्याची वाटतच नाहीस गं." मी थँक्यू म्हटलं. गाव सोडून आलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर असं थँक्यू त्यांनीही कधीतरी म्हटलं असेल.

आई गेली. आबा रिटायर झाले, घरात एकटेच. मी या म्हटलं की ते "बघू" म्हणायचे. अशात बोरिवलीच्या शलाकाने, ती कॉलेजात शिकवते, वाचनाचा ऑनलाइन ग्रुप काढला. आठ जण, त्यात माझ्या ऑफिसातल्याही दोघी; दर रविवारी सकाळी दहाला व्हिडिओवर. एकट्याने वाचून होत नाहीत अशी अवघड पुस्तकं एकत्र वाचायची. आळीपाळीने पान मोठ्याने वाचायचं, मग चर्चा. तिने पहिलं पुस्तक जाहीर केलं, ते नेमकं आबांचंच. मी दोन संच मागवले, एक गावी पाठवला आणि आबांनाही ग्रुपात घेतलं. फोनवर आबांना सांगितलं. ते लगेच म्हणाले, "दुसराबी हाय का गं ह्याच्यात?"

पहिल्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून स्क्रीनसमोर बसले होते. मागे आमची निळी भिंत. सगळे म्हणाले, "वा, काका, मस्त." तीन आठवडे त्यांनी नुसतं ऐकलं. चौथ्या रविवारी त्यांची पान वाचायची पाळी आली.

शाळेत पाठ म्हणतात तसं ते वाचू लागले. ओळीखाली बोट, प्रत्येक 'ण'चा 'न', पूर्णविरामाला मोठा श्वास. अंधेरीच्या निखिलने कॅमेरा बंद केला. तो का केला ते मला कळलं. शलाकाचा मला एकटीला मेसेज आला: 'तुझे बाबा किती गोड आहेत! पण वेळ बघ ना जरा. आज होस्ट तू आहेस.'

पान संपलं. चर्चा नायकाच्या मनातल्या संघर्षावर चालली होती, अपराधभाव वगैरे. मध्येच आबा म्हणाले, "मी एक बोलू का? ह्या वाड्यात एक मानूस हाय. पाहुन्यांचे कोट हातात घेऊन दारात उभा ऱ्हातो. दोनशे पानं झाली, उभाच हाय. त्यानं खाल्लं कवा? त्याला बस म्हनलं का कुनी?"

कुणीतरी हसलं. वाईट हसू नव्हतं, पण हसलं. शलाका म्हणाली, "इंटरेस्टिंग आहे काका. आपण मुद्द्याकडे येऊ या का?"

"येतो की. आमच्या लायब्रीत साहेब लोकं यायचे तवा मी…"

त्यांनी सांगायला सुरुवात केली. मला माहीत होतं ते काय सांगणार. पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत चार तास दारात उभं राहिल्याचं, पाय सुजल्याचं, मग सगळ्यांचे कप धुतल्याचं. ते सगळं या आठ चौकोनांसमोर येणार होतं. माझ्या ऑफिसातल्या दोघींसमोरही. मी त्यांचा आवाज बंद केला.

त्यांना कळलं नाही. ते बोलत राहिले. हात हलत होता, दार किती उंच होतं ते दाखवत होता. आम्ही सगळे बघत होतो. मग स्क्रीनवरची खूण त्यांना दिसली असावी. थांबले. चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला आणि मीटिंग संपेपर्यंत तसेच बसून राहिले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "रेंज नाही इथं." मोबाइलचा टॉवर आमच्या घरामागेच आहे.

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर काय केलं ते तोंडाने सांगावं लागलं असतं. पण त्यानंतर आबा फोनवर वेगळंच बोलू लागले. "हो. ठीक आहे. तुझं जेवण झालं का?" माय नाही, पोरी नाही. एखाद्या साहेबाशी बोलावं तसं, शब्द तपासून. ग्रुप तर पहिल्या खंडाच्या मध्यावरच बंद पडला. निखिलला प्रोजेक्ट आला, शलाकाच्या परीक्षा आल्या. मी पुस्तक कपाटावर ठेवून दिलं. शलाका अजून भेटली की म्हणते, "आपण पुन्हा सुरू करायला पाहिजे यार."

मागच्या महिन्यात न कळवता गावी गेले. रविवार होता, सकाळी साडेदहा झाले असतील. घराला कुलूप. गल्लीच्या टोकाला विहाराच्या ओट्यावरून आबांचा आवाज येत होता. मी भिंतीच्या अलीकडेच थांबले. दहा-बारा जणं बसली होती, बहुतेक बायका, दोन म्हातारे. आबांच्या मांडीवर दुसरा खंड होता. थोडं वाचायचे, मग सांगायचे. "…मंग ती थोरली म्हनली, म्या ह्या घरात ऱ्हायली काय आन् गेली काय, कुनाला फरक पडनार हाय?" शेजारच्या गयाकाकू म्हणाल्या, "बघा, आपलीच गत." सगळ्या हसल्या. आबाही हसले, मोठ्याने. असं हसताना मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मी पुढे झाले. गयाकाकू उठल्या, आतून खुर्ची आणली, पदराने पुसली. "बसा ताई." लहानपणी त्यांनीच मला न्हाऊ घातलंय. सगळे सरकून बसले, बायकांनी पदर सावरले. आबांनी पानात काडी घालून पुस्तक मिटलं.

"ये. प्रवास व्यवस्थित झाला ना?"

"आबा, चालू ऱ्हाऊ द्या की. मलाबी ऐकायचंय." इतक्या वर्षांनी ती भाषा तोंडात घेतली, आणि मला स्वतःलाच ती नक्कल केल्यासारखी ऐकू आली.

"नको," ते म्हणाले. "तुला कंटाळा येईल."

लोक एकेक करून उठले. ज्या घरातून मी निघाले ते मोडलं नाही, ओसही पडलं नाही. ते रोज चालू असतं. फक्त मी पोचले की थांबतं. त्या थोरल्या बाईचं पुढे काय झालं, ते मला अजून माहीत नाही. गल्लीतल्या सगळ्यांना माहीत आहे.